अवसाक्काचा हात

आमच्या वडगावात अवसेला माग बंद असायचे. एरवी दिवसभर गल्लीत खटखट चालू, शेजारणीला हाक मारायची तर ओरडून मारायची. महिन्यातल्या त्या एका दिवशी मात्र सगळी गल्ली अशी गप्प व्हायची की शेजारच्या घरातली फोडणी ऐकू यावी. म्हातारी माणसं सांगायची, गेलेला विणकर अवसेला आपल्या मागावर येऊन बसतो. तो दिवस त्याचा. म्हणून माग चालवायचा नाही, धोटा हलवायचा नाही, कांड्या भरायचा चरखासुद्धा फिरवायचा नाही. हे खरं का खोटं ते कुणी तपासलं नव्हतं. तपासायची छातीही कुणाची नव्हती.

जयाबाईनं अवसेला चरखा फिरवला. तोही टीव्हीवर, सगळ्या गावासमोर. तिथून ती अवसाक्का झाली.

जयाबाई माझी शेजारीण. तिचा नवरा शामू शहापुरी साड्या विणायचा आणि ती कांड्या भरायची. धोट्यात जो आडवा दोरा बसवतात, त्याची गुंडाळी म्हणजे कांडी. आम्ही दोघी एकाच भिंतीला पाठ लावून वर्षानुवर्षं कांड्या भरल्या. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांतून दोरा सोडायचा आणि तोंडानं बोलत राहायचं. हात आणि तोंड दोन्ही चालू असलं की बाईला दिवस जड जात नाही.

केबल नवीन आली तेव्हा नागेंद्रअण्णा नावाच्या माणसानं शामूच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. खाली माग, वर नागेंद्रअण्णाची यंत्रं. तिथून तो वडगाव, शहापूर आणि उद्यमबागेच्या कामगारांच्या खोल्यांपर्यंत पिक्चर दाखवायचा. अवसेला सगळे घरी असतात हे बघून त्यानं त्या दिवशी दिवेलागणीला भुताचे पिक्चर लावायला सुरुवात केली. कुठले कुठले पिक्चर, कुणी हिंदीत बोलायचं, कुणी तेलुगूत. पडद्यावरची नावं मला तेव्हा वाचता येत नव्हती. आमच्यातल्या पुष्कळांना येत नव्हती. किंकाळी तेवढी कळायची.

एका अवसेला कॅसेट अडकली. भूत विहिरीतून अर्धं वर आलं आणि तिथंच थांबलं. जयाबाई जिना चढून भांडायला वर गेली.

"अण्णा, ते एक तर भाईर काढा न्हायतर आत घाला. माझ्या सासूबाई जेवायच्या थांबल्यात."

नागेंद्रअण्णाकडं लग्नात चित्रण करायचा कॅमेरा होता. कॅसेट साफ होईपर्यंत लोकांनी टीव्ही बंद करू नये म्हणून त्यानं तो तिच्यावर धरला आणि म्हणाला, "वैनी, जरा बोला की लोकांशी."

"काय बोलू?"

"काय बी. भुताबद्दल बोला."

खोलीत बसायला एकच जागा होती. तिचाच जुना चरखा तिथं ठेवलेला होता, त्याच्यापुढचा पाट. ती त्याच्यावर बसली आणि बोलायला लागली. पिक्चरमधली बाई पांढरं पातळ नेसून हिंडत होती, तिच्यावर पहिली तोफ डागली. "आता ह्या बाईचं बघा. मेली त्ये मेली, पण काठ बघा की, कसा सुटलाय! मिलचं कापड असणार. हातमागाचं असतं तर विहिरीत पडून बी काठ हलला नसता." घराघरात लोक हसायला लागले. माझ्या घरातही हसत होते. आणि बोलता बोलता, रोजच्या सवयीनं, तिचा हात चाकावर गेला आणि चाक फिरलं.

ते चाक फिरताना मी बघितलं. चरखा कुरकुरला, बस्स. पण सगळ्या गल्लीतून एकदम एक आवाज उठला, छातीतून हवा निघून जावी तसा. पिक्चरमधल्या कुठल्या भुतानं तसा आवाज आमच्याकडून काढला नव्हता. पडद्यावर जयाबाईचं तोंड पांढरं पडलं. तिलाही त्याच क्षणी कळलं होतं. तिनं हात मागं ओढला, पोटाशी धरला आणि हळूच म्हणाली, "कडी लावा रं सगळ्यांनी. बागला हाक्री." दार लावा, असं तिनं मराठीत सांगितलं आणि कन्नडातही, कारण आमच्या गल्लीत अर्धी घरं ही अन् अर्धी ती.

त्या संध्याकाळी वडगावातल्या सगळ्या दारांना कड्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी जाणत्या माणसांनी तिला देवळात नेलं, नारळ फोडायला लावला, पुन्हा असं करू नको म्हणून सांगितलं. सासूनं आठवडाभर अबोला धरला. आणि पुढची अवस जवळ आली तशी हीच जाणती माणसं नागेंद्रअण्णाच्या दारात उभी राहून विचारायला लागली, "ती बाई परत येणार हाय काय?"

ती आली. पुढं कितीतरी वर्षं येत राहिली. चाक मात्र तिनं परत कधी फिरवलं नाही. पण दर वेळी बोलता बोलता तिचा हात चाकाकडं जायचा. लोकांचा जीव तिथं अडकायचा. हात जवळ जायचा, आणखी जवळ जायचा, आणि चाकावर नुसता तरंगत थांबायचा. मग ती मान वर करून म्हणायची, "काय बघालाय? कडी लावली काय?" त्या हातासाठी उद्यमबागेतली माणसं पाळी बदलून घ्यायची. पिक्चर कुठला आहे हे कुणी विचारत नसे.

नागेंद्रअण्णानं तिला सजवायचा एकदा प्रयत्न केला. बेळगावातून लांब सुळ्यांची कवळी आणली. जयाबाईनं ती लावली, एक वाक्य बोलली आणि सगळ्यांसमोर काढून हातात धरली. "ह्यानं ऊस सोलता येत न्हाय. माणूस कसा खायाचा?" तेव्हापासून तिची ती रोजचीच गडद साडी, मोठं कुंकू आणि चरखा. दुसरं काही नाही. पिक्चरमधल्या भुताला ती नणंदेसारखं बोलायची आणि घाबरलेल्या माणसाला कधी हसायची नाही. हे मी तेव्हापासून बघत आले. भुतावर कितीही विनोद करायची, पण भिणाऱ्यावर एकही नाही.

एकदा सदलग्याहून एक बाई पोरीला घेऊन एसटीनं आली. पोरगी झोपत नव्हती. "हिला सांगा आक्का, भूत नसतंय म्हणून."

जयाबाईनं पोरीला जवळ घेतलं. "मी कशाला खोटं सांगू? हाय की. पण अवसेला ते माझ्याकडं असतंय बघ. तुझ्याकडं यायला त्याला सवड न्हाय."

पोरगी परतीच्या एसटीतच आईच्या मांडीवर झोपली, असं त्या बाईनं नंतर सांगून पाठवलं.

पुढं घरोघरी टीव्हीचे नवे डबे आले, नागेंद्रअण्णाची केबल बंद पडली. शामू गेला. त्याचे माग भरमानं घेतले, विजेवर आणले. भरमा आमच्याच गल्लीतला, लहानपणी अवसाक्का लागली की आईच्या पदरात तोंड घालून एका डोळ्यानं बघणारा. माडीवरची खोली कुलुपात राहिली, आत चरखा. पण बाजारात भाजी घेताना अजूनही एखादा टक्कल पडलेला माणूस जयाबाईसमोर थांबायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "आक्का, कडी लावली हाय बरं का." मग दोघं हसायची.

ह्या वर्षी नागेंद्रअण्णाचा मुलगा विनोद आला. त्याचं आता मोबाइलवर चॅनेल आहे. त्याच्याबरोबर आरोही नावाची मुलगी होती, बेळगावात कॉलेजात नाटकात काम करणारी. चुणचुणीत, बोलायला गोड. मी चहा केला.

"आक्का, अवसाक्का परत सुरू करायचं म्हणतोय," विनोद म्हणाला. "त्याच खोलीतनं, त्याच चरख्यापाशी. ही आरोही नवी अवसाक्का. आणि पहिल्या भागात तुमचा सत्कार. शाल, नारळ, सगळं."

जयाबाईनं कप खाली ठेवला. "सत्कार कशाला रं? मी रिटायर झालोय असं तुला कुणी सांगितलं?"

"तसं न्हाय आक्का. पण आता वय..."

"वय झालंय म्हंजे मी भुताच्या जास्त जवळ आलोय की न्हाय?"

आरोही फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. विनोदलाही हसू आलं, पण तो धंद्याचं बोलायला आला होता. त्यानं समजावून सांगितलं. मोबाइलवर माणूस बसून राहत नाही. कोपऱ्यात आकडा दिसतो, किती जण बघतायत त्याचा. कंटाळले की आकडा घसरतो. नवीन पोरांना चरखा काय आणि अवस काय, काही ठाऊक नाही. त्यांना धक्का लागतो, रंगरंगोटी लागते.

जयाबाईनं उरलेला चहा संपवला. मग म्हणाली, "एकदा मला बसीव. तुझा त्यो आकडा घसरला तर मी आपली आपण उठतो, शाल घेतो, आन् पाट हिला देतो. तुझ्या बापाला मी एवढी वर्षं कधी काय मागितलं न्हाय. तुला मागालोय."

ते ती सहज बोलली. पण मी तिच्या शेजारी उभं आयुष्य बसले आहे. तिचा डावा हात पदराचा दोरा ओढत होता. शामू गेल्यापासून तिला विचारणारं, तिची वाट बघणारं घरात कुणी नव्हतं. भाजीबाजारातले ते हात जोडणारे लोक, तेवढेच. त्या पाटावरून तिला मान देऊन उठवणं म्हणजे, ती बाई होऊन गेली, असं जाहीर करणं होतं.

विनोदनं आरोहीकडं बघितलं. आरोही म्हणाली, "बसू दे की दादा. मलाही बघायचंय."

अवसेच्या आदल्या दिवशी आम्ही खोली झाडली. आरोहीनं चरख्याचं चाक गरगर फिरवून बघितलं. "आक्का, फिरतंय की छान! मग उद्या फिरवायचं का नाही?"

"आज फिरीव की. आज काय बिघडलंय?" जयाबाई म्हणाली. "उद्या न्हाय."

"उद्या काय होतं?"

"म्या एकदाच फिरीवलं बाई. त्यानंतर बघायची छाती झाली न्हाय."

आरोही मला डोळा मारून हसली. मीही हसले.

अवसेच्या संध्याकाळी आम्ही माडीवर जमलो आणि तेव्हा कुठं आमची चूक आम्हाला कळली. चूक एकट्या विनोदची नव्हती, माझीही होती आणि जयाबाईचीही. अवस म्हणजे शांतता, हे आमच्या हाडात इतकं बसलेलं की कुणी विचारलंच नाही. आता अवसेला माग बंद नसतात. व्यापाऱ्यांना वेळेत माल लागतो, कामाला बाहेरची पोरं आहेत, एकानं चालू ठेवले तसे मग सगळ्यांनीच ठेवले. खाली भरमाचे माग धडधडत होते. माडीची फळी हलत होती. कॅमेरा थरथरत होता.

विनोद खाली धावला आणि तसाच वर आला. "भरमाअण्णा म्हणालाय, उद्या माल उचलायचा हाय, आज बंद केलं तर सगळंच तुंबंल."

"माइक पदराला लावू या," आरोही म्हणाली आणि तिनं लावलाही. पण माइकमध्ये जयाबाईपेक्षा मागच जास्त बोलत होता.

वेळ झाली. चालू करावंच लागलं. मी जिन्यात उभी राहिले, खोलीत माणसांची गर्दी नको म्हणून. तिथून वर जयाबाई दिसत होती आणि खाली दारातून भरमाचा कारखाना. भरमानं आपला मोबाइल खांबाला टेकवून ठेवला होता. त्याच्यावरही जयाबाईच दिसत होती. आवाज त्याला कुठला ऐकू येणार, नुसतं चित्र.

जयाबाई बोलायला लागली. तोंड हलत होतं. एक शब्द कळत नव्हता. विनोद आकड्याकडं बघत होता आणि त्याचं तोंड उतरत होतं. सुरुवातीला पुष्कळ जण आले होते, जुनी माणसं, मुंबई-पुण्याला गेलेली वडगावची पोरं. आता ती एक एक करून निघून चालली होती. आरोहीनं खूण केली, मोठ्यानं बोला. जयाबाईनं आवाज चढवला. तिला खोकला आला.

मला वाटलं, आता ही उठणार. ती बोलायची थांबली. तिनं पाटावर दोन्ही हात टेकले.

आणि मग बसून राहिली. बोललीच नाही. तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं, आणि तिचा उजवा हात पाटावरून सुटून हळूहळू चाकाकडं निघाला.

मी खाली बघितलं. भरमा एका मागाशी वाकून तुटलेला धागा जोडत होता. त्यानं सहज मान वर केली आणि मोबाइलकडं बघितलं. धागा त्याच्या बोटांतून गळला. त्यानं डोळे बारीक केले. पडद्यावरचा हात आणखी पुढं सरकला, चाकाला आता बोटभर अंतर राहिलं. भरमाच्या घशातून काहीतरी निघालं, ते मला त्या खटखटीत ऐकू आलं नाही, पण तोंड दिसलं. तेच तोंड, आईच्या पदराआडचं. तो धावत गेला आणि त्यानं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

माग थांबले. फळी हलायची थांबली. कितीतरी वर्षांनी मी जयाबाईचा श्वास ऐकला.

"भरमा," हात तसाच ठेवून जयाबाई म्हणाली, "भ्यालास व्हय रं?"

खालून आवाज आला, "न्हाय वो आक्का. दोरा तुटलाता."

"सगळ्या मागांचा एकदम तुटला?"

कामाची पोरं खो-खो हसली. आणि तेवढ्यात पलीकडच्या कारखान्यातली खटखट थांबली. मग त्याच्या पलीकडची. कुणी कुणाला सांगायला गेलं नव्हतं. प्रत्येकाच्या खांबाला मोबाइल टेकवलेला असणार आणि प्रत्येकानं तो हात बघितला असणार. गल्लीच्या टोकापर्यंत एकामागून एक माग गप्प होत गेले. शेवटचा थांबला तेव्हा कुठंतरी फोडणी दिलेली ऐकू आली.

जयाबाईनं मग आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. अवसेला माग का थांबवायचे ते तिनं नव्या पोरांना सांगितलं. कोण येऊन बसतो ते सांगितलं. "माझा नवरा खालच्या पयल्या मागावर बसायचा," ती म्हणाली. "एवढी वर्षं अवसेला येत असंल आन् बसायला जागा न्हाय म्हणून दारातनं परत जात असंल. आज जागा हाय." एवढं बोलून ती थांबली. डोळे खाली, कान जिन्याकडं. हात अजून चाकावर तरंगतच होता. म्हाताऱ्या माणसाचा हात, इतका वेळ धरून थकलेला. तो थरथरला. बोट चाकाला लागलं.

"नको! आक्का, नको!"

आरोही ओरडली. कॅमेऱ्याच्या मागून ती तशीच पुढं आली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तिनं जयाबाईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तिचे डोळे भरले होते. काल हेच चाक तिनं गरगर फिरवलं होतं.

जयाबाईनं तिच्याकडं बघितलं. हसली नाही. दुसऱ्या हातानं तिचे हात थोपटले आणि कॅमेऱ्याकडं वळून म्हणाली, "कडी लावा रं सगळ्यांनी. बागला हाक्री."

विनोदनं पिक्चर लावला. त्याच्या हातातल्या आकड्याचं मी विचारलं नाही. त्याच्या तोंडावरच तो लिहिला होता. तो जयाबाईपुढं येऊन उकिडवा बसला. "आक्का, पाट तुमचाच. मी चुकलो. शाल मी परत नेतो."

"शाल ठेव. थंडी पडालीय," जयाबाई म्हणाली. "आन् नारळ त्या जिन्यातल्या बायाक्काकडं दे, उद्या चटणी करील. पाटाचं म्हणशील तर मी हाय तवर बसतोच. पण माझ्याशेजारी आणखी एक पाट टाक."

"कुणाला?"

तिनं हनुवटीनं आरोहीकडं दाखवलं. आरोही कोपऱ्यात पाणी पीत होती आणि आपण सगळा कार्यक्रम बिघडवला असं समजून मान खाली घालून उभी होती.

"ही? ही तर मधीच ओरडली," विनोद म्हणाला.

"म्हणून तर. त्या दिवशी तुझ्या बापासमोर माझं तोंड कसं पांढरं पडलंतं, त्ये तू बघितलं न्हाईस. सुळं कुणी बी लावंल रं. हितं भ्या वाटणारी बाई पायजे." मग तिनं आरोहीला हाक मारली. "ये गं, बस. आज कांडी भरायची न्हाय, पर दोरा कसा धरायचा त्ये बघून ठेव."

आरोही येऊन बसली. जयाबाईनं तिची बोटं हातात घेतली, चाकापासून चांगली लांब.

मी नारळ घेऊन जिना उतरत होते. खाली भरमा खटक्यापाशी उभा होता. बाकीच्या पोरांनी हातपाय धुतले होते. त्यानं वर बघून हाक मारली, "आक्का, संपलं न्हवं? चालू करू काय माग?"

वरून जयाबाईचा आवाज आला, रोज शामूला जेवायला बोलवायची तसा.

"सकाळी कर रं. त्यो बसलाय अजून."

भरमानं पहिल्या मागाकडं एकदा बघितलं, चप्पल हातात घेतली आणि पाय न वाजवता बाहेर पडला.